प्रवासातील उत्सर्जनाचा माणशी हिशेब कसा मांडावा

एकाच घरात राहणाऱ्या आणि एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या दोन माणसांच्या प्रवासातून वर्षभरात हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंमध्ये चाळीस-पन्नास पटींचा फरक असू शकतो. आजी महिन्यातून एकदा एसटीने चिपळूणला डॉक्टरांकडे जाते, मुलगा रोज एकटाच मोटार घेऊन नोकरीवर जातो आणि धाकटा वर्षातून एकदा कुवेतहून विमानाने घरी येतो. या तिघांची बेरीज करून तिला तीनने भागले, तर हाती येणारा आकडा तिघांपैकी कोणाचाही नसतो. म्हणून घराची, वाडीची किंवा ग्रामपंचायतीची सरासरी काढण्याआधी प्रत्येक माणसाचे खाते वेगळे मांडले पाहिजे. त्यासाठी एक वही, मोबाइलमधील गणकयंत्र आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवता येईल असा एखादा मोकळा रविवार एवढे पुरते.

असा फरक केवळ आपल्याकडे दिसतो असे नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड परिसरातील लोकांच्या प्रवासाचा जो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या दहा टक्के लोकांचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या ४३ टक्के, तर सर्वांत कमी उत्सर्जन करणाऱ्या दहा टक्क्यांचा वाटा अवघा १ टक्का निघाला होता. विमानप्रवासात ही दरी आणखी रुंद आहे. २०१८ साली जगातील सुमारे ११ टक्के लोकच विमानात बसले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला गेला आहे. कोकणात या दरीमागे पैशाइतकीच भूगोलाची कारणे आहेत. रेल्वे स्थानक वाडीपासून किती दूर आहे, कामाचे ठिकाण खाडीच्या अलीकडे आहे की पलीकडे आणि घरातला कमावता माणूस तालुक्याला, मुंबईला की आखातात आहे, यांवर बराचसा आकडा ठरून जातो.

कोणाचा प्रवास कोणाच्या खात्यावर

हिशेबाचा काळ पूर्ण वर्षाचा धरावा. एका महिन्याचा आकडा घेऊन त्याला बाराने गुणणे ही पद्धत कोकणात साफ फसते, कारण मे महिना, गणपती आणि शिमगा यांत होणारी ये-जा इतर महिन्यांच्या कितीतरी पट असते आणि पावसाळ्यात नेमके उलटे घडते. गणपती ते गणपती असे वर्ष धरण्याचा मोह होईल, परंतु तिथी मागेपुढे होत असल्याने कधी वर्ष लांबते, कधी आखडते. १ एप्रिल ते ३१ मार्च हेच सोयीचे.

हिशेब माणसांच्या प्रवासाचा आहे, हे मनाशी पक्के असावे. आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जाणारा टेम्पो किंवा मासेमारीला जाणारी बोट यांचे डिझेल व्यवसायाचे आहे, ते येथे येत नाही. गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला आलेल्या पर्यटकाचे इंधन त्याच्या खात्यावर, त्याला घर भाड्याने देणाऱ्याच्या नव्हे. रिक्षावाल्याने दिवसभर जाळलेला गॅस त्याच्या प्रवाशांच्या नावावर वाटला जातो. त्याच्या स्वतःच्या खात्यावर तो घरी जेवायला येतो तेवढेच.

खरी अडचण येते ती घरातल्या घरात. त्यासाठी एकच नियम पाळावा: वाहन ज्याच्या कामासाठी निघाले, त्याच्या नावावर ते किलोमीटर लिहावेत. मुलाने बहिणीला स्थानकावर सोडले आणि तो रिकामा परत आला, तर जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही टप्पे बहिणीच्या खात्यावर जातात, कारण ती निघाली नसती तर गाडी दारातच उभी राहिली असती. मुलीला शाळेत सोडून वडील तसेच पुढे कामावर गेले, तर मात्र तेवढ्या टप्प्याची दोघांत निम्मी-निम्मी वाटणी करावी. या नियमाने काही आकडे अनपेक्षित ठिकाणी जाऊन बसतात आणि घरात थोडी वादावादीही होते, पण हिशेबाला अर्थ येतो तो याच वाटणीने.

किलोमीटर आणि लिटर कोठून मिळवावेत

आठवणीवर विसंबू नये. लांबचे प्रवास लोकांच्या लक्षात राहतात, रोजचे राहत नाहीत, आणि बहुतेक खात्यांत रोजचाच आकडा मोठा असतो. वाहनाचे वर्षाचे किलोमीटर सर्व्हिसिंगच्या बिलांवर लिहिलेले असतात. पहिल्या आणि शेवटच्या बिलातील वाचन वजा केले की काम झाले. पेट्रोलचे पैसे मोबाइलवरून देण्याची सवय असेल, तर त्या व्यवहारांची यादी काढून रकमेला त्या वेळच्या दराने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. रेल्वेची तिकिटे ज्या खात्यावरून काढली त्यात मागील प्रवास दिसतात, आणि टोलनाक्यांवरील फास्टॅगच्या नोंदींवरून मुंबईच्या फेऱ्या मोजता येतात. एसटीचे मात्र तिकीट कोणी जपून ठेवत नाही. तेथे आठवड्याला किती फेऱ्या आणि प्रत्येक फेरीचे किती किलोमीटर, हे विचारून घेण्याला पर्याय नाही.

गाडी एका लिटरला किती धावते, हे विक्रेत्याच्या पत्रकावरून घेऊ नये. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, नेहमीसारखी गाडी वापरावी आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते पाहावे. महामार्गावर १८ किलोमीटर देणारी मोटार खाडीकडे उतरणाऱ्या आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढणाऱ्या अरुंद रस्त्यांवर १३-१४ वर येते, आणि बाजारात, शाळेत, देवळात अशी छोटी छोटी धाव असेल तर त्याहूनही खाली. एकाच कंपनीची तीच गाडी चालवणाऱ्या दोन माणसांत दिसणारा फरक बऱ्याचदा येथेच उगम पावतो.

लिटरवरून किलो

एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर डिझेलमागे २.७ किलो आणि एक किलो सीएनजीमागे सुमारे २.७५ किलो. पाऊण किलोहूनही हलक्या असलेल्या लिटरभर पेट्रोलमधून सव्वादोन किलोंहून अधिक वायू कसा निघतो, असे अनेकांना वाटते. उत्तर हवेत आहे: इंधनातील कार्बनच्या प्रत्येक १२ भागांना हवेतील ऑक्सिजनचे ३२ भाग येऊन मिळतात आणि ४४ भाग वायू तयार होतो.

या आकड्यांना दोन पुरवण्या आहेत. खनिज तेल उपसणे, जहाजाने आणणे आणि शुद्ध करणे यांत जे उत्सर्जन होते ते धरायचे असेल, तर साधारण पाचवा हिस्सा आणखी मिळवावा लागतो. येथे तो धरलेला नाही, कारण माणसामाणसांतील तुलना त्याने फारशी बदलत नाही. दुसरे असे की आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसापासून किंवा धान्यापासून आलेल्या इथेनॉलचा कार्बन हवेतूनच घेतलेला असल्यामुळे तो वगळावा, असे काही हिशेब सांगतात. पण त्या पिकाला घातलेले खत, पाणी उपसणारा पंप आणि आसवनीतील इंधन यांचेही उत्सर्जन आहेच. म्हणून घरगुती वहीत सर्वांसाठी २.३ हाच आकडा ठेवावा, असे माझे मत आहे. सीएनजीत मिथेनची गळती हा आणखी एक मुद्दा राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८-३० पट तापवतो, त्यामुळे गळका गॅस जळालेल्या गॅसपेक्षा महाग पडतो.

विजेसाठी एका युनिटमागे ०.७ किलो धरावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा सरासरी आकडा प्रसिद्ध करते आणि गेल्या काही वर्षांत तो याच आसपास राहिला आहे.

भागाकार: सगळी गोम येथे आहे

वाहनाचे उत्सर्जन आणि माणसाचे उत्सर्जन यांच्यामध्ये एक भागाकार उभा असतो, आणि दोन माणसांमधला मोठा फरक बहुतेक वेळा त्या भाजकातून येतो. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार किलोमीटरमागे सुमारे १५३ ग्रॅम वायू सोडते. आत चार जण असतील तर माणशी ३८ ग्रॅम, एकटा असेल तर सगळेच त्याचे. लिटरला ५५ देणारी मोटारसायकल ४२ ग्रॅम सोडते, मागे कोणी बसले की माणशी २१. एसटी डिझेलच्या एका लिटरला साधारण साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरमागे ६०० ग्रॅम. ४० प्रवाशांत हे १५ ग्रॅम होतात, २० प्रवाशांत ३० आणि दुपारच्या रिकाम्या फेरीत दहाच माणसे असतील तर ६०.

यावरून कोणी म्हणेल की दोघे मोटारसायकलवर गेलेले अर्ध्या भरलेल्या एसटीपेक्षा बरे. सरासरीच्या हिशेबाने ते खरेही आहे. पण गाव ते तालुका ही फेरी वेळापत्रकाप्रमाणे सुटणारच असते. तीत एक प्रवासी वाढल्याने डिझेल जवळजवळ वाढत नाही, आणि तोच प्रवासी मोटारसायकलने गेला तर तिचे पेट्रोल नव्याने जळते. म्हणून वहीत दोन आकडे ठेवण्याची सवय चांगली: खात्यावर लिहायचा सरासरीचा वाटा, आणि निर्णय घेताना पाहायचा वाढीव जळणाचा आकडा. मात्र हा युक्तिवाद फार ताणू नये. प्रवासी घटत गेले की फेरी बंद होते, आणि फेरी बंद झाली की उरलेल्यांना वडाप (माणसे भरून नेणारी खासगी गाडी) किंवा स्वतःचे वाहन घ्यावे लागते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा परिणाम या भाजकावर होतो, आणि त्याआधी २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला त्याचाही.

रेल्वेच्या बाबतीत भाजक मोठा असल्याने आकडा लहान होतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण लांबीने सुरू झाली आणि २०२२ साली तिचे विद्युतीकरण पूर्ण झाले. वीस-बावीस डब्यांची विजेवरची गाडी किलोमीटरमागे साधारण २०-२५ युनिट वीज घेते आणि हजारावर माणसे नेते, म्हणजे माणशी १५ ग्रॅमच्या आसपास. पण सगळे प्रवासी सारखी जागा घेत नाहीत. नव्या धाटणीच्या डब्यांत स्लीपरमध्ये ८० माणसे झोपतात, थ्री टिअर वातानुकूलित डब्यात ७२, टू टिअरमध्ये सुमारे ५० आणि प्रथम वर्गात सुमारे २४. डबा ओढण्याचे काम जवळजवळ तेवढेच, त्यामुळे प्रथम वर्गातला माणूस स्लीपरमधल्या माणसाच्या तिपटीहून अधिक वाटा घेतो, वातानुकूलनाची वीज वेगळीच. जनरलच्या डब्यात दाराशी उभ्याने आलेल्याचा वाटा सर्वांत कमी. याला पर्यावरणस्नेह म्हणणे क्रूर होईल, पण आकडा तसा आहे.

खाडीवरच्या फेरीबोटीचे डिझेल प्रवाशाला मोजता येत नाही आणि खाडीच्या रुंदीपुरत्या अंतरासाठी मोजण्याची गरजही नाही. दाभोळ ते धोपावे किंवा जयगड ते तवसाळ अशी फेरी घेतल्याने रस्त्याचा जो लांबचा वळसा वाचतो, तो मोटारीच्या किलोमीटरमध्ये आपोआप उतरतो.

एका घराची वही

पद्धत कळावी म्हणून गुहागर तालुक्यातील एक काल्पनिक घर घेऊ. वाडीपासून चिपळूण ४५ किलोमीटर आहे.

आजी महिन्यातून एकदा एसटीने चिपळूणला जाते. वर्षाचे १,०८० किलोमीटर, अर्ध्या भरलेल्या गाडीचे ३० ग्रॅम, म्हणजे ३२ किलो. एखादी रिक्षा धरून ३५.

मोठा मुलगा शिक्षक आहे. शाळा २२ किलोमीटरवर, वर्षात २४० दिवस, म्हणजे १०,५६० किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या मोटारीने तो एकटा जातो. ६६० लिटर पेट्रोल आणि सुमारे १,५२० किलो. हाच माणूस हीच नोकरी मोटारसायकलवरून करता, तर आकडा ४४० किलो असता.

सून अंगणवाडीत पायी जाते. आठवड्याच्या बाजाराला शृंगारतळीपर्यंत दुचाकीवर मागे बसून जाते, आणि वर्षाकाठी एकदा रेल्वेने माहेरच्या लग्नाला. सगळे मिळून ३० किलो.

नात चिपळूणच्या महाविद्यालयात आहे. रोजचे ९० किलोमीटर, २०० दिवस, म्हणजे तब्बल १८,००० किलोमीटर. पण सकाळची एसटी गच्च भरलेली असते, म्हणून १५ ग्रॅमने २७० किलो. अंतर पाहिले तर ती घरात सर्वांत जास्त फिरणाऱ्यांपैकी आहे. शिक्षकाच्या मोटारीपेक्षा पावणेदोन पट किलोमीटर तोडूनही तिचा आकडा त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी आहे.

मधला मुलगा विरारला राहतो आणि चर्चगेटला कामाला जातो. लोकलचे वर्षाला ३३,६०० किलोमीटर होतात. लोकलची गर्दी धरता माणशी ८ ग्रॅम घेतले, तर २७० किलो. गणपतीला तो चौघांचे कुटुंब घेऊन मोटारीने गावी येतो. जाऊन-येऊन ६०० किलोमीटर, ४० लिटर, चौघांत वाटून माणशी २३ किलो. एकूण २९० धरू. रस्त्यावर ज्याच्या गाडीकडे बोट दाखवले जाते त्या चाकरमान्याच्या खात्यातला हा गणपतीचा भाग दहा टक्क्यांहूनही कमी आहे. महामार्गावरची रांग डोळ्यांत भरते, पण भरलेली मोटार वर्षातून एकदा येणे आणि रिकामी मोटार रोज धावणे यांत दुसऱ्याचे पारडे फार जड आहे.

धाकटा कुवेतला आहे. मुंबईहून जाऊन-येऊन सुमारे ५,५०० किलोमीटर, साधारण ५०० किलो.

सहा माणसांची बेरीज २,६४५ किलो, सरासरी ४४० किलो, आणि या घरात ४४० च्या जवळ कोणीही नाही. शिक्षकाची मोटार आणि कुवेतचे विमान या दोन ओळींतच तीन-चतुर्थांशाहून थोडे अधिक उत्सर्जन आहे. वही मांडल्यावर बहुतेक घरांत अशा एक-दोन ओळीच वर येतात. उरलेल्या ओळींवर डोके शिणवण्यात अर्थ नसतो.

स्थानक ते वाडी

कोकण रेल्वेचा मार्ग बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून आत आहे. मालवणला जायचे तर कुडाळला किंवा कणकवलीला उतरावे लागते, दापोलीला जायचे तर खेडला, गुहागरला जायचे तर चिपळूणला. हा शेवटचा टप्पा हिशेबात हमखास सुटतो. मुंबई ते कुडाळ हे पाचशेहून थोडे कमी किलोमीटर रेल्वेने केले, तर माणशी ७ किलो होतात. पहाटे कुडाळला उतरून एकट्याने भाड्याची मोटार केली, तर मालवणपर्यंतचे तीसेक किलोमीटर आणि मोटारीचे रिकामे परतणे मिळून चार लिटर पेट्रोल, म्हणजे ९ किलो. पाचशे किलोमीटरच्या प्रवासापेक्षा शेवटचे तीस किलोमीटर जड. त्यामुळे एकाच गाडीने, शेजारच्या बर्थवरून आलेल्या दोन प्रवाशांच्या खात्यांत दुपटीचा फरक पडतो, केवळ एकाला एसटी मिळाली आणि दुसऱ्याची गाडी पहाटे तीनला पोहोचली म्हणून. भाड्याच्या वाहनाचे रिकामे परतणे नेहमी धरावे. परतीचे भाडे मिळते हे ठाऊक असेल तरच ते सोडून द्यावे.

विमान आणि त्याला जोडून येणारी मोटार

छोट्या देशांतर्गत उड्डाणात उड्डाण घेण्याचेच इंधन मोठे असते, म्हणून किलोमीटरमागचा आकडा वाढतो. मुंबई ते गोव्यातील मोपा विमानतळ या एका दिशेच्या प्रवासाला माणशी ५० ते ६० किलो धरावेत. लांबच्या उड्डाणात किलोमीटरमागे ८० ते १०० ग्रॅम पुरतात. बिझनेस क्लासमध्ये एक प्रवासी दोन-तीन आसनांची जागा घेतो, तेथे त्याच पटीने गुणावे. शिवाय उंचावर विमानाच्या मागे तयार होणारे ढगांचे पट्टे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचाही तापवणारा परिणाम असतो. तो धरणारे लोक कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याला पावणेदोन ते दोनने गुणतात. हा गुणाकार करायचा की नाही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि सर्वांना सारखा लावावा.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सावंतवाडीहून मुंबईला एकट्याने मोटार नेली तर पाचशे किलोमीटरला ३३ लिटर आणि ७७ किलो, म्हणजे मोपाच्या विमानाहून अधिक. चौघे असतील तर माणशी १९. रेल्वेने ७-८. विमान नेहमीच सर्वांत वाईट, असे घरगुती अंतरावर म्हणता येत नाही. रिकामी मोटार त्याच्या पुढे जाते.

खेड, दापोली, चिपळूण, गुहागर, श्रीवर्धन या भागांतून आखातात गेलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना विमानतळावर घ्यायला घरचे लोक भाड्याची मोठी गाडी करून जातात. वर काढलेल्या ५०० किलोंत ती गाडी धरलेली नाही. आपल्या नियमाप्रमाणे ती प्रवाशाच्याच खात्यावर जाते. वाडी ते मुंबई आणि परत ५६० किलोमीटर, आणायला एकदा, सोडायला एकदा, लिटरला १२ किलोमीटर धावणारी डिझेलची गाडी, म्हणजे ९३ लिटर आणि सुमारे २५० किलो. कुवेतच्या विमानप्रवासाच्या निम्मे! सामानाच्या चार-चार पेट्या आणि वर्षाने भेटणारा माणूस यांचा विचार केला तर गाडी का लागते ते समजण्यासारखे आहे. पण त्याच विमानाने आलेली आसपासच्या गावांतली दोन माणसे एका गाडीत बसली, तरी प्रत्येकाचे सव्वाशे किलो वाचतात.

विजेवरची वाहने

विजेवरची स्कूटर शंभर किलोमीटरला तीनेक युनिट घेते. चार्जिंगमधली आणि तारांतली गळती धरून किलोमीटरमागे २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या स्कूटरच्या साधारण निम्मे. विजेवरची मोटार शंभर किलोमीटरला १५ युनिटच्या जवळ जाते. गळतीसह १२० ग्रॅम धरले, तर एकट्याने चालवलेली विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारसायकलपेक्षा जवळजवळ तिप्पट उत्सर्जन करते. छपरावर सौर पॅनेल असतील आणि गाडी दिवसा घरी चार्ज होत असेल, तर हे चित्र बदलते.

आकडे हाती आल्यावर

प्रत्येक ओळीसमोर आणखी एक रकाना आखावा आणि त्यात तो प्रवास टाळता येण्याजोगा होता की नाही ते ज्याचे त्याने लिहावे. दुसऱ्याने लिहू नये. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जाऊन-येऊन ८० किलोमीटर रिक्षाने जाणाऱ्या रुग्णाचा आकडा वर्षाला हजार किलोंच्या वर जातो, शिक्षकाच्या मोटारीच्या पाठोपाठ. दोन्ही आकडे एका यादीत शेजारी ठेवून दोघांना सारखाच उपदेश करणे हा हिशेबाचा दुरुपयोग आहे. रुग्णाचा आकडा कमी होईल तो तालुक्याच्या रुग्णालयात यंत्र आल्यावर, आणि ग्रामसभेत मांडायला तो आकडा उपयोगी पडेल. आजीच्या आणि सुनेच्या ओळी तर कमी करण्यासाठी नाहीतच. कित्येक घरांत बायकांचा आकडा लहान असतो, कारण हाताशी वाहन नसते आणि घर सोडून निघायला मोकळीक नसते. तो पुढच्या वर्षी वाढला तर वाईट वाटून घेऊ नये.

शिक्षकाच्या ओळीत मात्र वाव आहे, आणि तोही गाडी विकण्याइतका टोकाचा नाही. त्याच रस्त्याने जाणारा एक सहकारी सोबत घेतला की १,५२० चे ७६० होतात. पावसाळ्याचे चार महिने मोटार आणि उरलेले आठ महिने मोटारसायकल असे केले, तर सुमारे ८००. घाटी उतरताना पावसात मोटारसायकल चालवावी, असे कोणालाही सांगू नये, म्हणूनच ही विभागणी दिली आहे. शाळेच्या वेळेला जुळणारी एसटी असेल तर ३१५ किलोंत काम होते, पण अर्ध्या तासाने उशिरा पोहोचवणारी फेरी त्याला उपयोगाची नाही, आणि अशा वेळी एकट्याने मन वळवण्यापेक्षा चार शिक्षकांनी मिळून आगारात फेरीची वेळ बदलण्याचा अर्ज देणे अधिक फलदायी ठरते. अर्जासोबत किती प्रवासी, कोणत्या वेळेला, कोठून कोठे, हे वहीतूनच उतरवून देता येते.

दुसऱ्या वर्षी सगळा हिशेब नव्याने करण्याची गरज नाही. एकूण बेरजेच्या दहाव्या हिश्शाहून मोठ्या असलेल्या ओळी तेवढ्या पुन्हा मोजाव्यात, गाडीची टाकी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात काठोकाठ भरून पाहावी, आणि बाकीच्या ओळी मागच्या वर्षीच्या तशाच उतरवून घ्याव्यात. घरात कोणाची नोकरी, शाळा किंवा गाव बदलले असेल, तर मात्र त्या माणसाचे पान कोरे करून पहिल्यापासून लिहावे.